आधी ओल, मग बियाणं: कोरडवाहू दोन-चार एकरांचं पहिलं वर्ष

माण, आटपाडी, जत, सांगोला, मंगळवेढा, करमाळा, जामखेड, आष्टी, परंडा. या पट्ट्यात वर्षाचा पाऊस साधारण ५०० ते ७०० मि.मी., काही मंडळांत त्याहूनही कमी. पण कमी पाऊस ही अर्धीच अडचण आहे. तो जून-जुलैत थोडा येतो, मग तीन-चार आठवडे पाठ फिरवतो आणि भरवशाचा जोर सप्टेंबरातच धरतो. बागायती भागात तयार झालेलं वेळापत्रक म्हणूनच इथे लागू पडत नाही.

वडिलोपार्जित कोरडवाहू रान हाती आलेले आणि रासायनिक खत-औषधांवरचा खर्च कमी करू पाहणारे बहुतेक नवखे लोक सुरुवात जीवामृताच्या (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पाण्यात आंबवून केलेलं द्रावण) ड्रमपासून करतात. ही चुकीच्या टोकाची सुरुवात आहे. ओल नसलेल्या मातीत जीवामृत ओतून काही होत नाही, कारण जिवाणूंनाही पाणी लागतं. इथलं पीक ओलीवर येतं. म्हणून या लेखातला क्रम मातीची खोली, पाणी अडवणं, पिकांची निवड, बियाणं, खत, पेरणी, आंतरमशागत, साठवण आणि कागदपत्रं असा आहे. तो मोडू नका.

लागणारी साधनं: कुदळ, फावडं, सुतळी, फक्की (खुणेची पांढरी भुकटी), सरळ सात फुटी दोन काठ्या, सरळ भिंतीचा रिकामा डबा आणि मिलिमीटरची पट्टी, गोणपाट, २०० लिटरचा एक ड्रम, बैलाची किंवा ट्रॅक्टरची तिफण म्हणजे पेरणीचं औत (शक्यतो दोन चाड्यांचं, चाडं म्हणजे बी सोडायचा पेला) आणि ओळींमधली माती हलवणारी कोळपी. तिफण-कोळपी भाड्याने चालतील, पण कोळप्याची बोली आधीच करून ठेवा. वाफसा (औत चालण्याजोगी ओल) सगळ्या गावाला एकाच दिवशी येतो.

१. मे महिन्यात तीन खड्डे खणा

रानाच्या वरच्या अंगाला, मध्ये आणि खालच्या अंगाला तीन-तीन फुटांचे खड्डे घ्या. माती कुठे संपते आणि मुरूम कुठे लागतो ते टेपने मोजा. एकाच गटात वर नऊ इंच आणि खाली तीन फूट माती सापडणं नेहमीचं आहे. तसं असेल तर ती दोन वेगळी रानं समजा आणि पिकंही वेगळी घ्या.

साधारण वर्गवारी अशी:

- ९ इंचांपर्यंत (हलकी, उथळ): हुलगा, मटकी, गवत, बोर-सीताफळासारखी झाडं. इथे ज्वारीचा हट्ट धरू नका.
- ९ ते १८ इंच: खरिपात बाजरी, बाजरी-मटकी, बाजरी-तूर.
- १८ ते ३६ इंच (मध्यम): बाजरी-तूर, सूर्यफूल-तूर किंवा रब्बीत ज्वारी.
- ३६ इंचांच्या पुढे (भारी काळी): रब्बी ज्वारी, हरभरा, करडई.

यामागचा हिशेब सोपा आहे. चांगली काळी माती दर फुटाला पिकाला घेता येईल असं साधारण ४५ ते ६० मि.मी. पाणी धरून ठेवते. तीन फूट माती हस्त नक्षत्राच्या (सप्टेंबर अखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या) पावसात पूर्ण भिजली, तर रब्बी ज्वारी पुढे पाऊस न येताही दाणा भरू शकते. नऊ इंचांच्या मातीत पंधरा दिवसांची उघडीपही पीक सुकवते. दोन्हीकडे एकच वाण, एकच अंतर, एकच खत वापरणाऱ्याचं नुकसान ठरलेलं.

खड्ड्यात पांढरे खडे दिसले तर ती चुनखडी. चुनखडीच्या जमिनीत लोह आणि स्फुरद (फॉस्फरस) पिकाला सहज मिळत नाही. पिवळी पानं पाहून लगेच युरिया टाकायला जाऊ नका.

माती परीक्षणाचा नमुना याच वेळी घ्या. रान आठ-दहा ठिकाणी नागमोडी फिरा, प्रत्येक ठिकाणी २० सें.मी. खोल 'व्ही' आकाराचा खड्डा करून कडेची माती खरवडा, सगळी एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घेऊ नका. अहवालात पहिली नजर सेंद्रिय कर्बावर जाऊ द्या. तो ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर पहिली दोन-तीन वर्षं काडीकचरा मातीत परत घालणं हेच मुख्य काम आहे.

२. पाणी अडवा: इथे घाई नको

पावसाचा एक चांगला झोडपा म्हणजे २५ मि.मी. एका एकरावर तो साधारण एक लाख लिटर पाणी टाकतो. टँकरच्या भाषेत सांगायचं तर दहा हजार लिटरचे दहा टँकर, फुकट. त्यातलं किती तुमच्या रानात मुरतं आणि किती माती घेऊन ओढ्याला जातं, यावर पुढचं सगळं उभं आहे. सगळ्यांत जास्त वेळ याच कामाला द्या.

*समपातळी रेषा काढणं.* यासाठी ए-फ्रेम पुरते. सात फुटी दोन काठ्या वरच्या टोकाला बांधा, खाली पाय साधारण सहा फूट फाकवा, मध्यावर आडवी काठी घट्ट बांधा. वरच्या टोकाला सुतळी बांधून तिला दगड लटकवा, सुतळी आडव्या काठीच्या समोरून लोंबली पाहिजे. आता जमिनीवर दोन खुंट्या ठोका, त्यांवर पाय ठेवा आणि सुतळी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा. ए-फ्रेम फिरवून पायांची अदलाबदल करा, दुसरी खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे समपातळीची खूण.

मग रानाच्या एका कडेपासून सुरू करा. एक पाय स्थिर ठेवून दुसरा पुढे-मागे सरकवा, सुतळी मधल्या खुणेवर आली की तिथे फक्की टाका. तसंच पुढे चालत जा. वारा सुटला की दगड हलतो, म्हणून सकाळी लवकर हे काम उरका. रेषा फारच वेडीवाकडी आली तर नजरेने थोडी सरळ करा, नाहीतर औत वळणार नाही.

*बांध.* हलक्या आणि मध्यम जमिनीत या रेषेवर मातीचा बांध घाला. १ टक्का उताराला दोन बांधांत साधारण ७० मीटर, २ टक्के उताराला साधारण ४० मीटर अंतर चालतं. दोन-चार एकरांत असे दोन किंवा तीन बांध पुरे होतात. माती बांधाच्या वरच्या अंगाने घ्या, दर थराला तुडवा, आणि बांध बसल्यावर दीड फूट तरी उंच राहील असा घाला.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे सांडवा न ठेवणं. जास्तीचं पाणी जायला दगड लावलेली वाट नसेल, तर पहिल्याच ढगफुटीसारख्या पावसात बांध फुटतो आणि फुटलेल्या जागी घळ पडते. दुसरी चूक भारी काळ्या जमिनीत होते. ती उन्हाळ्यात भेगाळते, तिच्याबरोबर बांधही भेगाळतो आणि पावसात त्याच भेगेतून वाहून जातो. अशा जमिनीत समपातळी बांधांऐवजी सारे पाडा.

*सारे.* रब्बीसाठी मोकळ्या ठेवलेल्या भारी रानात जुलैच्या वखरणीनंतर साधारण १० बाय १० मीटरचे कप्पे पाडा. फूटभर उंचीचे वरंबे पुरतात. ऑगस्ट-सप्टेंबरचा प्रत्येक पाऊस कप्प्यातच उभा राहून मुरतो. पेरणीच्या आधी वरंबे मोडून रान एकसारखं करा. कष्ट एका दिवसाचे आहेत आणि रब्बी ज्वारीसाठी याच्या तोडीचा उपाय नाही.

*शेततळं.* बरेच जण पहिल्याच वर्षी शेततळ्याला हात घालतात. आधी आकडे पाहा. १५ बाय १५ मीटर, ३ मीटर खोल, बाजू १:१ उताराच्या असलेलं तळं काठोकाठ भरलं तर त्यात साधारण ४४१ घनमीटर पाणी बसतं. एका एकराला ५ सें.मी.ची एक पाळी द्यायला साधारण २०० घनमीटर लागतं. म्हणजे बाष्पीभवन आणि पाझर धरून दोन एकरांनाही जेमतेम एक संरक्षित पाणी (पाऊस हुकल्यावर पीक वाचवणारं). ते एक पाणी सोन्याच्या मोलाचं आहे, यात शंका नाही. पण तळं आलं म्हणून ऊस किंवा भाजीपाला लावणं म्हणजे फसगत. मुरमाड जागी अस्तराशिवाय तळं पाणी धरत नाही, हेही आधी खड्डा खणून पाहा.

३. पीक एकटं लावू नका

मिश्रपिकाचं कारण पाऊस आहे. बाजरी तीन महिन्यांत निघते आणि जून-जुलैच्या पावसावर जगते. तूर सावकाश वाढते, मुळं खोल सोडते आणि सप्टेंबरच्या पावसावर शेंगा भरते. दोन्ही पावसांपैकी एक हुकला तरी घरात काही येतं. शिवाय तुरीची गळलेली पानं आणि मुळांवरच्या गाठी पुढच्या पिकाला नत्र (नायट्रोजन) देतात.

आजमावलेले मेळ:

- बाजरी + तूर, २:१ ओळी. ओळींत ४५ सें.मी. एकरी साधारण १ किलो बाजरी, २ किलो तूर.
- बाजरी + मटकी, २:१, उथळ रानासाठी.
- सूर्यफूल + तूर, २:१, पेरणी जुलैवर गेली तर.
- हरभरा + करडई, ६:३, भारी रानात रब्बीला. करडईचे काटे जनावरांना आवरतात म्हणून ती कडेनेही लावतात.

बी एकत्र मिसळून फेकू नका. तुरीची ओळ वेगळ्या चाड्यातून गेली पाहिजे, नाहीतर पुढे कोळपं चालत नाही आणि बाजरी काढताना तूर तुटते.

तुरीचा वाण निवडताना कालावधी विचारा. या पट्ट्यात १८० दिवसांची तूर डिसेंबर-जानेवारीत ओल संपल्यावर शेंगा भरायला बसते आणि पोचट राहते. बदनापूर संशोधन केंद्राची 'बीडीएन ७११' साधारण १५० ते १५५ दिवसांत येते, मध्यम जमिनीला ती बरी.

रब्बी ज्वारीत मालदांडी (एम ३५-१) अजूनही भाकरी आणि कडबा दोन्हीला मान्य आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे वाण जमिनीच्या खोलीनुसार निवडता येतात: हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. हे सगळे सरळ वाण आहेत, बी घरचं ठेवता येतं. बाजरीत संकरित बियाणं घेतलंत तर दरवर्षी विकत घ्यावं लागेल. घरचं बी ठेवायचं असेल तर 'धनशक्ती'सारखा सुधारित वाण घ्या.

बांध मोकळा ठेवू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला गिरिपुष्पाची हात-दीड हात लांबीची फांदी दोन-दोन फुटांवर खोचा, मध्ये शेवरी, हादगा, कडुनिंब. गिरिपुष्पाचा पाला दुसऱ्या वर्षापासून कापून रानात पसरता येतो. जनावरं तो फारसा खात नाहीत, म्हणून मोकाट गुरांच्या गावात तो टिकतो.

४. बियाणं तपासल्याशिवाय पेरू नका

*उगवण.* पोत्यातलं सरमिसळ शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गोणपाट गुंडाळा, रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी मोजा. ज्वारी-बाजरीचे ७५ आणि हरभऱ्याचे ८५ कोंब आले तर ठीक. साठाच्या आसपास आले तर बी त्या प्रमाणात वाढवा, पन्नासच्या खाली असेल तर ते बी पेरू नका.

*बाजरीला मिठाचं पाणी.* १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवा, बी ओता, ढवळा. तरंगणारं हलकं बी आणि अरगट या बुरशीच्या काळ्या गाठी काढून जाळून टाका. तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. धुणं अर्धवट राहिलं तर उगवण मार खाते.

*बीजामृत.* २० लिटर पाणी, ५ किलो देशी गाईचं शेण, ५ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम कळीचा चुना, बांधावरची मूठभर माती. रात्रभर ठेवून सकाळी बियाण्यावर हलकं शिंपडा, सावलीत सुकवा. डाळवर्गीय बी या द्रावणात बुडवू नका, साल सुटते.

*जिवाणू खत.* तूर, हरभरा, मटकीला रायझोबियम, ज्वारी-बाजरीला ॲझोटोबॅक्टर, २५० ग्रॅम दर १० किलो बियाण्याला, गुळाच्या थंड पाण्यात कालवून. पाकिटावरची मुदत वाचा आणि दुकानात ते उन्हात ठेवलेलं नाही ना ते पाहा. रायझोबियमचं पाकीट पिकागणिक वेगळं असतं, हरभऱ्याचं तुरीला चालत नाही.

५. खताची सोय: शेण कमी असताना

कोरडवाहू घरात जनावरं एक-दोनच, त्यामुळे 'एकरी पाच गाड्या शेणखत' हा सल्ला कागदावरच राहतो. इथे नाडेप पद्धत कामाची आहे. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी ती बसवली आणि नावही त्यांच्याच आद्याक्षरांवरून आलं. थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवणं हा तिचा गाभा.

टाकी १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना हवेसाठी झरोके. एकदा भरायला १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, साधारण १७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि १५०० ते २००० लिटर पाणी लागतं. थर असा: सहा इंच काडीकचरा, त्यावर ४ किलो शेण १२५-१५० लिटर पाण्यात कालवून शिंपडायचं, त्यावर ५० ते ६० किलो माती. असे अकरा-बारा थर टाकीच्या वर दीड फुटापर्यंत न्या आणि शेणमातीने लिंपा. दोन-तीन आठवड्यांत ढीग खाली बसतो, मग पुन्हा भरून लिंपा. तीन ते चार महिन्यांत खत तयार होतं.

विटा परवडत नसतील तर तुराट्यांचे ताटवे बांधूनही आकार देता येतो. मुख्य अडचण पाण्याची आहे. दोन हजार लिटर पाणी उन्हाळ्यात कुठून आणणार? म्हणून टाकी जुलै-ऑगस्टमध्ये भरा. गवत-तण तेव्हा मुबलक असतं, पाऊस पाणी देतो आणि खत पुढच्या खरिपासाठी तयार असतं. मार्चमध्ये भरलेली टाकी वाळून जाते आणि मे महिन्यात तिच्यातून तशाच्या तशा काड्या निघतात. दोष पद्धतीचा नसतो, महिना चुकलेला असतो.

जीवामृत: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीने ढवळा. दोन दिवसांनी वापरायला येतं, आठवड्याच्या आत संपवा. एकरी २०० लिटर, आणि फक्त ओल्या जमिनीवर, पाऊस होऊन गेल्यावर किंवा रिमझिम चालू असताना. हे विरजणासारखं आहे. जमिनीत काडीकचरा नसेल तर विरजण कशाला लावणार? गूळ-बेसनावरचा खर्च वाढू लागला तर आधी पाला आणि नाडेपकडे लक्ष द्या.

रासायनिक खत एका हंगामात सगळ्या रानातून बंद करू नका. कर्ब संपलेल्या जमिनीत पहिल्या वर्षी उतारा (एकरी उत्पादन) घसरतो आणि घरची माणसं पुन्हा जुन्या वाटेला लागतात. पहिल्या वर्षी अर्धा-पाऊण एकर पूर्ण बदला. पाणी अडवण्याचं काम मात्र सगळ्या रानात करा.

६. पेरणी: नक्षत्र पाहा, पण डब्यातलं पाणी मोजा

सरळ भिंतीचा डबा उघड्यावर, झाड-भिंतीपासून दूर ठेवा. रोज सकाळी पट्टीने पाणी मोजून लिहा आणि डबा रिकामा करा. एकूण ७५ ते १०० मि.मी. होऊन जमीन वीतभर ओली झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरलेलं बी उगवतं आणि पुढच्या उघडिपीत करपतं. दुबार पेरणीत बी, भाडं आणि पंधरा दिवस असं तिहेरी नुकसान होतं.

पाऊस लांबला तर पीक बदला:

- जून अखेर ते जुलैचा पहिला आठवडा: बाजरी, तूर, मूग, उडीद, मटकी.
- जुलैचा मध्य: बाजरी, सूर्यफूल, तूर. मूग-उडीद सोडून द्या.
- जुलै अखेर ते ऑगस्टचा मध्य: हुलगा, सूर्यफूल, एरंडी, राळा.
- त्यानंतर: खरिपाचा नाद सोडा, रान वखरून तणमुक्त ठेवा, सारे पाडा आणि रब्बीची वाट पाहा.

या शेवटच्या पर्यायाला लोक 'रान पडीक ठेवलं' म्हणतात. भारी जमिनीत तोच शहाणपणाचा पर्याय असतो, कारण ती ओल ज्वारीच्या खात्यावर जमा होत असते.

रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान, उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरा. फार लवकर पेरली तर खोडमाशी पोंगे (रोपाचा मधला कोंब) मारते, फार उशीर झाला तर वरची ओल उडते. एकरी ४ किलो बी, ओळींत ४५ सें.मी., खोली ५ सें.मी., नेहमी उताराला आडवी. उगवून दहा-बारा दिवस झाले की विरळणी करा. दोन रोपांत १५ सें.मी. ठेवलं तर एकरी साधारण ६० हजार ताटं राहतात. उभं रोप उपटायला जीव होत नाही, पण दाट ज्वारी सगळी ओल डिसेंबरातच पिऊन टाकते आणि कणसं भुंडी राहतात. पोंगेमर झालेली रोपं याच वेळी उपटून रानाबाहेर काढा.

७. उभ्या पिकात: कोळपणी हेच पाणी

ज्वारीला तीन कोळपण्या द्या. पहिली तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात पासेच्या कोळप्याने. तिसरी आठव्या आठवड्यात, दातेरी कोळप्याने. ही तिसरी लोक टाळतात, कारण रानात तण दिसत नाही. पण ती तणासाठी नसतेच. तोवर काळी माती भेगाळू लागलेली असते, भेगांमधून खालची ओल उडते, आणि दातेरी कोळपं त्या भेगा भुसभुशीत मातीने बुजवतं.

आच्छादनासाठी सगळीकडे काडीकचरा पसरा असं सांगितलं जातं. इथे कडबा जनावरांच्या तोंडचा घास आहे, तो मातीवर पसरणं घराला परवडत नाही. तण फुलोऱ्याआधी उपटून तिथेच ओळीत टाका, गिरिपुष्पाचा पाला टाका, बाकी काम कोळप्याच्या मातीवर सोडा.

खरिपाच्या बाजरी-तुरीत पेरणीनंतर महिन्याभराने दर तीन ओळींनंतर एक सरी काढा. पाऊस आला तर ती पाणी मुरवते.

तळ्यात एक पाणी असेल तर ज्वारीला ते पोटरीच्या वेळी (कणीस अजून पानाच्या वेष्टनात असताना), ५० ते ५५ दिवसांनी द्या. दोन असतील तर पहिलं २८ ते ३० दिवसांनी. सगळं रान भिजवायचा प्रयत्न करू नका, एकाआड एक सरीतून द्या.

किडींसाठी तुरीकडे लक्ष ठेवा. कळी लागली की:

- एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे). तीन दिवस सलग प्रत्येकी आठ-दहा पतंग सापडले तर फवारणीची तयारी करा.
- एकरी वीसेक पक्षिथांबे, पिकाहून फूटभर उंच. सोपं म्हणजे पेरतानाच मध्ये मध्ये ज्वारीचे दाणे टोका.
- ५ टक्के निंबोळी अर्क: ५ किलो वाळलेली निंबोळी भरडून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून पिळून गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा लिटरभर पाण्यात विरघळवून मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. संध्याकाळी फवारा, उन्हात त्याचा गुण जातो. अर्क त्याच दिवशी संपवा.
- अळ्या मोठ्या झाल्या असतील तर अर्काने मरत नाहीत. झाडाखाली गोणपाट अंथरून झाड हलवा, पडलेल्या अळ्या गोळा करा. सकाळी दोन माणसं अर्धा एकर सहज उरकतात.

निंबोळ्या जूनच्या आसपास पडतात आणि गरज नोव्हेंबरात लागते. तेव्हाच वेचा, गर काढा, सावलीत वाळवा. बुरशी आलेली निंबोळी कामाची नाही.

८. बी ठेवणं

काढणीच्या आधीच रानात फिरून जोमदार, निरोगी, एकसारखी कणसं निवडा आणि त्यांना चिंध्या बांधा. कडेच्या ओळींतली घेऊ नका. बाजरीत परागीभवन वाऱ्याने होतं, त्यामुळे शेजारी दुसरा वाण असेल तर रानाच्या मधोमधची कणसं घ्या, आणि चार-पाच नव्हे, काहीशे वेगवेगळ्या झाडांची.

दाणा दाताखाली कट्‌कन तुटेपर्यंत वाळवा. कडधान्याला खाद्यतेलाचा हात लावा किंवा राखेत मिसळा, पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासह भरा. डब्यावर वाण, वर्ष आणि रानाचं नाव लिहा. गरजेच्या दुप्पट बी ठेवा. एक दुष्काळ मध्ये आला तर वाण घरातून संपता कामा नये.

९. कागदपत्रं

हाताशी ठेवा: सातबारा, ८अ, आधारशी जोडलेला मोबाईल आणि बँक खातं, शेतकरी ओळख क्रमांक. सातबारा आजोबांच्या किंवा सामाईक नावावर असेल तर वारसनोंद आणि संमतीपत्राचं काम उन्हाळ्यातच सुरू करा, त्याला महिने लागतात.

*ई-पीक पाहणी* (मोबाईलवरून आपल्या पिकाची सातबाऱ्यावर नोंद) दर हंगामात स्वतः करा. मिश्रपीक असेल तर 'मिश्र पीक' हाच पर्याय निवडून दोन्ही पिकं आणि क्षेत्र भरा. नुसती बाजरी नोंदवली तर तूर विकताना किंवा तिच्या नुकसानीची मदत मागताना तुमच्या सातबाऱ्यावर तूर दिसणारच नाही.

*शेततळं, अस्तर, अवजारं* यांच्या अनुदानाचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर होतात. पूर्वसंमती हातात येण्याआधी काम सुरू केलं किंवा बिल केलं तर अनुदान अडकतं. जेसीबी गावात स्वस्तात आला आहे म्हणून घाई करू नका.

*पीजीएस प्रमाणीकरण.* पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या सेंद्रिय मालाची हमी देण्याची पद्धत. छोट्या शेतकऱ्याला त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र महाग पडतं. पीजीएस-इंडियात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या रानाची पाहणी करून हमी देतो. बदलाच्या काळात 'पीजीएस ग्रीन' आणि तो पूर्ण झाल्यावर 'पीजीएस ऑरगॅनिक' असं प्रमाण मिळतं. गट करताना नात्यापेक्षा रानाची जवळीक पाहा, नाहीतर पाहणीला कोणी येत नाही. शेजाऱ्याची फवारणी उडून येत असेल तर त्या बाजूच्या काही ओळी वेगळ्या काढा आणि ते धान्य प्रमाणित मालात मिसळू नका.

पाहणीत पहिली मागणी वहीची होते. तिच्यात रोजचा पाऊस, पेरणीची तारीख आणि वाण, बी कुठून आणलं, कोणत्या रानात काय टाकलं आणि किती, कोळपणीच्या तारखा, रानागणिक निघालेलं धान्य आणि कडब्याच्या पेंढ्या एवढं असलं तर पुरे. प्रत्येक नोंद त्याच दिवशी करा आणि तीन खड्ड्यांची मापं पहिल्या पानावर लिहून ठेवा.